मिटलेल्या दाव्याची नोंद आणि भाड्याचे नवे घर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात भाड्याने राहतो. 2023 च्या अखेरीस माझ्या यजमानांची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसामुळे 60 दिवसांत दुसरी नोकरी मिळवणे भाग होते, आणि त्या धावपळीत दोन महिन्यांचे भाडे थकले. घरमालकाने 14 दिवसांची नोटीस देऊन हाऊसिंग कोर्टात दावा लावला. तोपर्यंत नवी नोकरी मिळाली होती. कोर्टात गेल्यावर बाहेरच्या मार्गिकेतच एका कागदावर सह्या करून आम्ही प्रकरण मिटवले, सगळी थकबाकी फेडली आणि त्याच घरात राहत आलो. आता मालक घर विकतो आहे. आमचा क्रेडिट स्कोअर उत्तम असूनही तीन ठिकाणी अर्ज नाकारला गेला. एका ठिकाणाहून पत्र आले, त्यात पडताळणी अहवालामुळे नकार दिल्याचे लिहिले आहे. ही नोंद पुसता येते का? अर्जातल्या 'पूर्वी इव्हिक्शन (भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारवाई) झाले आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहावे का? दिरांच्या नावावर घर घेतले तर चालेल का? ग्रीन कार्डला याची बाधा होईल का? यजमान म्हणतात, इथल्या मराठी मंडळातल्या कोणालाही यातले काही कळता कामा नये.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, ही नोंद लोकांच्या नजरेआड करून घेण्याचा मार्ग तुमच्या राज्यात आता उपलब्ध आहे. गव्हर्नर मॉरा हीली यांनी 6 ऑगस्ट 2024 रोजी ज्या मोठ्या गृहनिर्माण कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात इव्हिक्शनच्या नोंदी सीलबंद करण्याची तरतूद आहे आणि ती 5 मे 2025 पासून अमलात आली. तुमचा दावा त्याआधीचा असला तरी तुम्ही अर्ज करू शकता. मात्र अर्ज केव्हा करता येईल आणि त्यासोबत काय दाखवावे लागेल, हे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर अवलंबून आहे. मार्गिकेत एका कागदावर सह्या केल्या, असे तुम्ही लिहिता. तो कागद कोणता होता, हे लिहीत नाही. माझा अंदाज असा, की ते तुम्हालाही नीटसे ठाऊक नसावे, आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण त्या घाईत ते कोणी समजावून सांगत नाही.

भाड्याच्या दाव्यात पहिल्या तारखेला बहुतेक वेळा न्यायाधीशांसमोर साक्षीपुरावा होतच नाही. हाऊसिंग स्पेशालिस्ट या पदावरचा कोर्टाचा कर्मचारी दोन्ही बाजूंना एकत्र बसवतो, तडजोडीची बोलणी होतात आणि ठरलेल्या गोष्टी कागदावर उतरतात. हा कागद दोन प्रकारचा असू शकतो. एका प्रकारात घरमालक दावा मागे घेतो आणि कोर्ट तो काढून टाकते. दुसऱ्या प्रकाराला 'अ‍ॅग्रीमेंट फॉर जजमेंट' म्हणतात. त्यात भाडेकरू थकबाकी मान्य करतो, ती फेडण्याच्या तारखा ठरतात, आणि ठरल्याप्रमाणे पैसे येत राहतील तोवर घरमालक घर रिकामे करून घेत नाही. राहते घर दोन्हींत टिकते, म्हणून कुटुंबाला दोन्ही कागद सारखेच वाटतात. परंतु दुसऱ्या कागदावर सही केली, की तुमच्याविरुद्ध निवाडा झाल्याची नोंद कोर्टाच्या दप्तरात पडते, आणि तुम्ही पुढे पै न पै फेडली तरी ती आपोआप जात नाही. कित्येक कुटुंबे 'प्रकरण मिटले' या समजुतीत वर्षानुवर्षे राहतात आणि नवे घर शोधायला निघाल्यावर त्यांना ही गोष्ट कळते.

तेव्हा पहिले काम हे, की आपल्या दाव्याचे डॉकेट, म्हणजे तारीखवार नोंदींचा तक्ता, स्वतः पाहा. राज्याच्या न्यायालयांच्या मासकोर्ट्स या संकेतस्थळावर नावाने किंवा दावा क्रमांकाने तो शोधता येतो. क्रमांकात 'एसपी' ही अक्षरे असतील, कारण त्या राज्यात अशा दाव्याला 'समरी प्रोसेस' म्हणतात. तिथे नीट उमगले नाही, तर ज्या कोर्टात दावा होता तिथल्या क्लार्क ऑफिसमध्ये जाऊन तुम्ही सही केलेल्या कागदाची आणि डॉकेटची प्रत मागून घ्या. दाव्यात तुम्हा दोघांचीही नावे प्रतिवादी म्हणून आहेत का, तेही पाहा. दोघांची असतील तर सीलबंदीच्या अर्जात दोघांचाही उल्लेख व्हायला हवा. एकच अर्ज पुरतो की प्रत्येकाने वेगळा द्यावा, हे तिथेच विचारून घ्या. यजमानांच्या नावाची नोंद झाकली गेली आणि तुमच्या नावाची उघडी राहिली, तर सगळा खटाटोप वाया जाईल.

दावा काढून टाकला गेला असेल, किंवा निकाल तुमच्या बाजूने लागला असेल, तर प्रकरण आणि त्यावरील अपिलाची मुदत संपल्यावर तुम्ही केव्हाही अर्ज करू शकता. त्यासाठी वर्षे मोजत बसावे लागत नाही. भाडेकरूची काहीच चूक नसताना लावलेल्या दाव्यांनाही हीच मोकळीक आहे, उदाहरणार्थ करार संपला आणि मालकाला घर स्वतःसाठी हवे होते. भाड्याव्यतिरिक्त कराराचा अन्य भंग केल्याचा ठपका असलेल्या दाव्यांना मात्र सात वर्षे थांबावे लागते. तो प्रश्न तुमच्यापुढे नाही.

तुमचा कागद 'अ‍ॅग्रीमेंट फॉर जजमेंट' निघाला, तर तुमचे प्रकरण भाडे थकल्याच्या गटात येईल. या गटात, निवाड्याची रक्कम पूर्ण फिटल्यानंतर 14 दिवसांच्या आत घरमालकाने कोर्टाला तसे लेखी कळवले पाहिजे, असे कायदा सांगतो, आणि ती पूर्ततेची नोंद झाली की भाडेकरू सीलबंदीचा अर्ज करू शकतो. तुमच्या बाबतीत घरमालकाने असे काही कळवले नसण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही पैसे फेडलेत तेव्हा हा कायदा अस्तित्वातच नव्हता. म्हणून त्यांना आधी सौजन्याने पत्र लिहा, सोबत कागदाचा मसुदाही द्या, आणि घर विकले जाण्यापूर्वी तो कोर्टात दाखल करण्याची विनंती करा. घर विकून मालक दुसरीकडे गेले, की त्यांना शोधणे तुम्हालाच जड जाईल. त्यांनी टाळाटाळ केली, तरी काम अडत नाही: निवाडा फिटल्याचे कोर्टानेच मानावे, असा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, आणि त्यासाठी बँकेचे उतारे, रद्द झालेले धनादेश, मालकाचे ईमेल यांतून शेवटच्या डॉलरपर्यंतचा हिशेब मांडावा लागेल. ज्यांना आर्थिक ओढगस्तीमुळे निवाड्याची रक्कम फेडताच आली नाही, त्यांच्यासाठीही कायद्याने दार ठेवले आहे. त्यांना चार वर्षे थांबावे लागते आणि त्या काळात त्यांच्याविरुद्ध असा दुसरा निवाडा झालेला नसावा लागतो. पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या अवस्थेत असेल, म्हणून हे सांगितले.

सीलबंदीचा अर्ज ज्या कोर्टात दावा चालला त्याच कोर्टात, न्यायालयाने ठरवलेल्या नमुन्यावर करायचा असतो. त्यावर खोटे लिहिल्यास शिक्षेस पात्र, या अटीखाली सही असते. म्हणून आठवणीवर विसंबून तारखा लिहू नका, डॉकेटवरून उतरवा. अर्जाची सूचना घरमालकाला जाते आणि त्यांना हरकत घेता येते. हरकत आली तर न्यायाधीश दोघांचे ऐकतात. तुमची बाजू कागदांवर उभी आहे, तेव्हा सुनावणीची धास्ती बाळगू नका.

सील झालेली नोंद नष्ट होत नाही, हेही ध्यानात असू द्या. दाव्यातल्या दोन्ही पक्षांना ती पाहता येते, आणि अभ्यास, पत्रकारिता किंवा शासकीय कामासाठी कोर्टाच्या परवानगीने, साधारणतः नावे झाकून, ती दाखवली जाऊ शकते. जुना मालक नव्या मालकाला फोनवर काय सांगेल, यावरही सीलबंदीचा काही ताबा नाही. म्हणूनच सध्याच्या मालकाकडून थकबाकी पूर्ण फिटल्याचे आणि त्यानंतर भाडे नियमित मिळाल्याचे पत्र आताच घेऊन ठेवा, भले मनात कडवटपणा असो. हे एक पत्र तुम्हाला पुढची कित्येक वर्षे उपयोगी पडेल.

आता अर्जातल्या त्या प्रश्नाविषयी. नोंद सील होण्यापूर्वी 'नाही' लिहू नका. अहवालात दावा दिसला आणि अर्जात नकार दिसला, तर मालक दाव्यापेक्षा खोटेपणाला अधिक बिचकतो, आणि पुढे तो करार रद्द करण्याचे कारणही पुढे करू शकतो. प्रश्न मात्र नीट वाचा. दावा कधी दाखल झाला होता का, असे विचारले आहे, की तुम्हाला घराबाहेर काढले गेले का, असे विचारले आहे? तुम्हाला कोणीही घराबाहेर काढलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' हे खरे उत्तर आहे, आणि पहिल्याला 'होय, भाडे थकल्यामुळे दावा झाला, रक्कम अमुक तारखेला पूर्ण फेडली' हे खरे उत्तर आहे. सील झाल्यानंतर चित्र पालटते. त्या नोंदीविषयी विचारणा झाली, तर 'नोंद नाही' असे उत्तर देण्याचा अधिकार मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने भाडेकरूला दिला आहे, आणि घरासाठीच्या वा कर्जासाठीच्या ज्या अर्जात पूर्वीच्या इव्हिक्शनबद्दल प्रश्न असेल, त्या अर्जातच या अधिकाराची माहिती छापलेली असावी, असेही बंधन घातले आहे. ते उत्तर देताना आपण काही लपवतो आहोत, अशी बोच मनाला लावून घेऊ नका. लोकप्रतिनिधींनी विचारपूर्वक दिलेला तो अधिकार आहे आणि तुमच्यासारख्या कुटुंबांसाठीच तो आहे.

क्रेडिट स्कोअर उत्तम असताना नकार का, याचे कोडे तुम्हाला पडले आहे. 2017 च्या जुलैपासून अमेरिकेतल्या तीन मोठ्या क्रेडिट कंपन्यांनी दिवाणी निवाडे आपल्या क्रेडिट अहवालांतून काढून टाकले, त्यामुळे स्कोअरवर या दाव्याची सावली पडत नाही. घरमालक मात्र त्याशिवाय आणखी एक अहवाल विकत घेतात. भाडेकरूंची पडताळणी करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या न्यायालयांच्या सार्वजनिक नोंदी मोठ्या प्रमाणावर उतरवून आपल्या साठ्यात ठेवतात आणि नाव जुळले की ती ओळ अहवालात छापतात. पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने घर देताना मालक एजंटचे मत घेतो, सोसायटीची परवानगी आणि पोलिस पडताळणी बघतो आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतो. जुन्या दाव्यांची यादी विकणारी कंपनी त्या व्यवहारात सहसा नसते. त्यामुळे तिकडून आलेल्या आपल्या लोकांना या यंत्रणेचा अंदाज येत नाही.

ही यंत्रणा किती कच्च्या मालावर चालते, तेही सांगते. प्रिन्स्टन विद्यापीठातील इव्हिक्शन लॅबच्या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे 2018 या एका वर्षात अमेरिकेत सुमारे 36 लाख इव्हिक्शनचे दावे दाखल झाले. त्याच गटाने 2021 मध्ये दाखवून दिले, की राज्यांच्या नोंदींपैकी सरासरी 22 टक्के नोंदींत दाव्याचा शेवट काय झाला हे संदिग्ध असते किंवा भाडेकरूचा इतिहास चुकीचा मांडलेला असतो. दावा दाखल होणे आणि दावा सिद्ध होणे यांतले अंतर, जे कोर्टात पाऊल टाकलेल्या कोणालाही कळते, ते अहवालाच्या एका ओळीत पार पुसले जाते. मला या साऱ्या प्रकारात सर्वांत अन्यायाची वाटते ती ही गोष्ट. खिडकीवर दाव्याची फी भरून जो कागद कोणीही दाखल करू शकतो, त्याच्या बळावर एखाद्या कुटुंबाला पुढची सात वर्षे घर नाकारले जाऊ शकते. आणि ही सात वर्षेदेखील केंद्रीय फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टने, म्हणजे 1970 च्या पतमाहिती कायद्याने, घातलेली मर्यादा आहे म्हणून. कॅलिफोर्नियात 2017 पासून असे दावे दाखल झाल्याक्षणी झाकलेलेच राहतात आणि 60 दिवसांत घरमालकाच्या बाजूने निकाल लागला तरच उघडे होतात. मिनेसोटातही 2024 च्या जानेवारीपासून निवाडा होईपर्यंत नोंद गोपनीय असते. तुमच्या राज्याने भाडेकरूवर अर्ज करण्याचे ओझे टाकले आहे. माझ्या मते ही त्या कायद्याची उणीव आहे, पण हाती आहे त्याचा पुरेपूर उपयोग करू या.

त्याच केंद्रीय कायद्याने तुम्हाला आणखी काही हक्क दिले आहेत आणि ते तुम्ही आजच, सीलबंदीची वाट न पाहता वापरू शकता. अहवालावरून नकार देणाऱ्याने कोणत्या कंपनीचा अहवाल वापरला, हे कळवणे बंधनकारक आहे. तुम्हाला आलेले पत्र हेच आहे. ते पत्र मिळाल्यापासून 60 दिवसांच्या आत मागितले तर कंपनीने तो अहवाल तुम्हाला विनामूल्य दिला पाहिजे. उरलेल्या दोन ठिकाणांनाही लेखी विचारा. अहवाल हाती आला, की तो डॉकेटशी ओळीने ताडून पाहा: रक्कम फिटल्याचे लिहिले आहे का, एकच दावा दोनदा दाखवला आहे का, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्या कोणाची नोंद तुमच्या माथी आली आहे का. देशपांडे, कुलकर्णी, पाटील अशी आडनावे आणि त्यांची इंग्रजीतली नाना स्पेलिंगे असलेल्या आपल्या लोकांनी हे शेवटचे विशेष काळजीने पाहावे. चूक आढळली तर लेखी तक्रार करा, पुरावे जोडा. कंपनीला साधारणपणे 30 दिवसांत तपास करून चूक दुरुस्त करावी लागते.

आणि सीलबंदीचा आदेश हाती पडला, की काम संपले असे समजू नका. कोर्टाने आपले दप्तर बंद केले, तरी कंपनीने आधीच उतरवून घेतलेली प्रत तिच्या संगणकात राहू शकते. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार सीलबंद नोंद अहवालात देण्यास कंपन्यांना मनाई आहे, पण नोंद सील झाल्याचे त्यांना कळलेच नाही, तर ती ओळ छापली जातच राहते. ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू पडताळणी शाखेविरुद्ध दोन केंद्रीय यंत्रणांनी ऑक्टोबर 2023 मध्ये केलेल्या कारवाईत सीलबंद इव्हिक्शन नोंदी अहवालात येऊ दिल्याचा आरोप होता, आणि ते प्रकरण 1.5 कोटी डॉलरवर मिटले. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत, ज्या ज्या कंपनीच्या अहवालात तुमचे नाव आले तिच्याकडे पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि काही आठवड्यांनी आपली माहिती पुन्हा मागवून खात्री करा. देशभर काम करणाऱ्या पडताळणी कंपन्यांकडून वर्षातून एकदा ती विनामूल्य मागता येते.

दिरांच्या नावावर घर घेण्याचा विचार सोडून द्या. त्या घरात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तींची नावे मालक विचारणारच, आणि भाड्याची कायदेशीर जबाबदारी मात्र दिरांच्या गळ्यात पडेल. त्यांना मदत करायचीच असेल तर हमीदार म्हणून, मालकाला सर्व माहिती देऊन, त्यांनी सही करावी. तो सरळ मार्ग आहे आणि अनेक मालक तो मान्य करतात.

ग्रीन कार्डची काळजी तुलनेने थोडक्यात मिटण्यासारखी आहे. भाड्याचा दावा दिवाणी असतो, तो गुन्हा नव्हे, आणि अटक वा शिक्षा यांविषयीच्या प्रश्नांत तो मोडत नाही. तरीही तुमच्या अर्जाचे काम पाहणाऱ्या वकिलांना ही गोष्ट एकदा सांगून ठेवा.

यजमानांच्या मनातला संकोच मला समजतो. नोकरी जाणे आणि त्यापायी भाडे थकणे यांत अब्रू जाण्यासारखे काही नाही, हे त्यांना दुसऱ्याने सांगून लगेच पटणार नाही, तरी तुम्ही सांगत राहा. शिवाय या गुप्ततेची एक व्यावहारिक किंमत आहे. मंडळातले अनेक जण आता स्वतः घरमालक आहेत. वूस्टर, श्रूजबरी, फ्रेमिंगहॅम या भागांत दोन-तीन बिऱ्हाडांची घरे घेऊन भाड्याने देणारे मराठी लोक तुम्हाला सापडतील. असा मालक अहवालाऐवजी समोरच्या माणसाशी बोलून, पगाराच्या पावत्या आणि जुन्या मालकाचे पत्र पाहून निर्णय घेऊ शकतो. विश्वासाच्या एक-दोन कुटुंबांना सांगा. सगळ्यांना सांगण्याची गरज नाही. आणि हे सदर वाचणाऱ्या घरमालकांना माझी विनंती, की भाडेकरूने निवाड्याची रक्कम फेडली असेल, तर पूर्ततेची सूचना कोर्टात मुदतीत द्या. तुमच्या दृष्टीने ते एका पानाचे काम आहे. आपल्या घरात कोण येतो हे जाणून घेण्याचा मालकाचा हक्क मला मान्य आहे, आणि या कायद्यानेही गंभीर कारणांच्या नोंदी सात वर्षे उघड्या ठेवून तो मान्य केला आहे. फिटलेले कर्ज मात्र कोणाच्या डोक्यावर ठेवू नये.

घर सोडण्याची तारीख जवळ असेल, तर सीलबंदीच्या निर्णयाची वाट पाहत अर्ज थांबवू नका. ज्या घरासाठी अर्ज कराल, तिथे शुल्क भरण्यापूर्वीच मालकाला एक पानाचे निवेदन द्या: नोकरी कधी गेली, कधी मिळाली, रक्कम कधी फेडली, त्यानंतर किती महिने भाडे वेळेवर दिले; सोबत डॉकेटची प्रत, बँकेचे उतारे आणि सीलबंदीचा अर्ज दाखल केल्याची पोच जोडा. वूस्टरच्या न्यायालयात कोर्ट सर्व्हिस सेंटर आहे. तिथे अर्ज भरायला विनामूल्य मदत मिळते, वकील लावण्याची सक्ती नाही. सुनावणी लागली आणि तुमच्यापैकी कोणाला कायद्याच्या इंग्रजीत बोलणे अवघड वाटत असेल, तर न्यायालय स्वतःच्या खर्चाने दुभाषा देते. मराठी दुभाषा हवा असल्याचे क्लार्क ऑफिसला तारखेच्या पुरेसे आधी लेखी कळवा, कारण मराठीचा दुभाषा त्यांना बाहेरून बोलवावा लागण्याची शक्यता असते.